लाल पेन्सिलीचे बाण

आमच्या आळीत सकाळी सातला ठोके सुरू होत ते दिवेलागणीला थांबत. नाशिकच्या तांबट आळीत वाढलेल्या माणसाला शांततेचं कौतुक नसतं. भरदिवसा शांतता झाली की काहीतरी बिघडलंय असंच आम्ही समजत असू. माझे वडील घागरी मठारायचे, म्हणजे घडवून झालेल्या घागरीवर छोट्या हातोडीनं एकाशेजारी एक ठोके देत तिच्या अंगावर ओळीनं चमकदार खळगे उठवायचे. सगळी आळी त्यांना नाना म्हणे, आणि मीही नानाच म्हणायची. इतकी वर्षं हे काम करून त्यांचा डावा कान पार गेला होता आणि उजव्यात थोडी धुगधुगी होती. आळीतल्या बहुतेक पुरुषांची हीच तऱ्हा, त्यामुळे आमच्याकडे माणसं मोठ्यानं बोलत आणि मोठ्यानं बोलायचा कंटाळा आला की खुणांनी बोलत. ओठाला अंगठा म्हणजे पाणी, पाची बोटं जुळवली की जेवण, कपाळावर आडवा हात म्हणजे दारात गिऱ्हाईक. संध्याकाळी ठोके थांबले की कानात एक बारीक सूर उरायचा. तो माझ्या कानात अजून आहे. डॉक्टर म्हणतात वयामुळे होतं. मी त्यांच्याशी वाद घालत नाही.

घरात आम्ही तिघं. पुढं दुकान, मागं दोन खोल्या आणि चुलीची पडवी. आई मी नऊ वर्षांची असताना गेली. मग दोन-तीन वर्षांनी भावाचं लग्न झालं आणि वहिनी आली. ती माझ्याहून तीनच वर्षांनी मोठी होती, पण मला ‘वन्सं’ म्हणायची आणि अहोजाहो करायची; मी तिला अगंतुगं करत असे, आणि हे दोघींनाही अगदी बरोबर वाटे. तिच्या हातची बाजरीची भाकरी अशी पातळ आणि फुगलेली असायची की नाना खुणेनंच आणखी एक मागत. बोलत मात्र नसत. सासऱ्यानं सुनेशी आणि सुनेनं सासऱ्याशी समोरासमोर बोलायची पद्धत नव्हती. काही सांगायचं झालं तर ती मला सांगे, मी नानांच्या उजव्या कानात ओरडे.

चौथा माणूस खुंटीवर होता. म्हणजे त्याची काळी टोपी होती. माझा भाऊ विश्वनाथ मॅट्रिकला दोनदा इंग्रजीत नापास झाला, आणि आता तो हातोडी धरेल असं नाना धरून चालले असताना तो मनमाडला रेल्वेच्या शेडमध्ये फिटर म्हणून निघून गेला. इंजिनाच्या नळ्यांनाही तांबंच लागतं, असं त्यानं नानांना समजावून पाहिलं. नाना म्हणाले, ह्या घरात आता त्याचं नाव निघता कामा नये. नाना एकदा बोलले की बोलले. दीड वर्ष ते नाव घरात निघालं नाही. मनमाडला खोली मिळाली की तो वहिनीला घेऊन जाणार होता. तसा निरोप दोनदा आला होता. घाईत निघताना त्याची टोपी राहिली ती खुंटीवरच राहिली, आणि ती काढा असं मात्र नाना कधी म्हणाले नाहीत.

वहिनीला नानांच्या हुकुमाचा काही जाचच नव्हता, कारण ती नवऱ्याचं नाव एरवीही घेत नसे. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं तिला आईनं, आजीनं, मावशीनं सांगितलं होतं, आणि तिचा त्यावर पाण्याला पाणी म्हणावं इतका साधा विश्वास होता. सासऱ्याचं नावही तसंच. ती ‘हे’ म्हणायची, आणि ‘हे’ म्हणताना खुंटीकडे बघायची. ‘ह्यांना गुळपापडी आवडते’, आणि नजर टोपीवर. तिच्या तोंडून ते नाव मी एकदाच ऐकलं होतं, तिच्या पहिल्या हळदीकुंकवाला, बायकांनी दार अडवून धरलं तेव्हा. ‘तांब्याच्या घंगाळाला पितळेची कडी, विश्वनाथरावांचं नाव घेते हळदीकुंकवाच्या घडी.’ हे ती एका दमात म्हणाली आणि घामाघूम होऊन आत पळाली. बायका हसल्या. मीही हसले.

मुलींच्या शाळेत तेव्हा मॅट्रिकपर्यंतचे वर्ग नव्हते, म्हणून शेवटची दोन वर्षं आम्ही तिघी मुलांच्या हायस्कुलात जात होतो. मास्तरांच्या टेबलाला चिकटून आमचा एक वेगळा बाक होता. तांबटाची पोर मॅट्रिकला कशी, असं लोक नानांना विचारत. नाना म्हणत, पुस्तकं घरात पडलीच आहेत. ती भावाची पुस्तकं होती. इंग्रजीला लिमये मास्तर होते. बारीक अंगाचे, तपकीर ओढणारे, आणि व्याकरणाच्या चुकीनं खरोखर दुखावले जाणारे. त्यांचे दोन नियम होते. एक, वाक्यात सर्वनाम आलं की ते कुणाच्या बदल्यात आलंय ते नाव मागं स्पष्ट दिसलं पाहिजे. दुसरा, विशेषण किंवा तसला जो काही शब्दांचा झुबका असेल तो ज्याचा त्याच्या शेजारी बसला पाहिजे, दुसऱ्याच्या मांडीवर नाही. त्यासाठी ते आम्हांला लाल पेन्सिलीनं बाण काढायला लावत. प्रत्येक सर्वनामापासून मागच्या नावापर्यंत एक बाण. बाण दोन नावांवर पोचत असेल तर वाक्य चूक. कुठंच पोचत नसेल तरी चूक. परीक्षेत दहा वाक्यं येत, चूक असेल तर दुरुस्त करा, नसेल तर तसंच ठेवा. आणि दहांत दोन बिनचुकीची पेरलेली असत, नसती दुरुस्ती करणाऱ्याला पकडण्यासाठी. भावाच्या जुन्या पुस्तकात त्यानं काढलेले बाण होते. निम्मे चुकलेले. त्यांच्यावर मी माझे काढायची.

संध्याकाळी वहिनी भाकरी थापायची आणि मी पडवीत बसून वाक्यं सोडवायची. तिला लिहितावाचता येत नव्हतं, पण मी मराठी करून सांगितलं की ती मत द्यायची. मी म्हटलं, इंग्रजीत ‘नदीकाठानं चालताना देऊळ दिसलं’ असं म्हणता येत नाही, कारण मग देऊळ चालत होतं असा अर्थ निघतो. ती भाकरी उलटत म्हणाली, देवळाला कुठं पाय असतात, चालणारं माणूस कुणी का असेना, दिसलं ना देऊळ? आपल्या भाषेला खरंच त्याचं काही वाटत नाही. ‘मोहन वडिलांना म्हणाला की तो आजारी आहे’, हे मराठीत कळतं, वडील असते तर ‘ते’ म्हटलं असतं. इंग्रजीत बापाला आणि लेकाला एकच सर्वनाम, त्यामुळे आजारी कोण ते कळत नाही. असंच एक वाक्य होतं, राम गोविंदला भेटला तेव्हा तो आजारी होता. कोण आजारी, असं मी तिला विचारलं. तिनं थोडा विचार केला.

“ज्याची बायको घरी काळजी करत असेल तो,” ती म्हणाली.

मी तिला म्हटलं, असं उत्तर चालत नाही. पुढं मी चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि ह्याच जातीची शेकडो वाक्यं मुलांना घातली, पण हे एक वाक्य कुठल्याच पेपरात घातलं नाही.

त्या वर्षी नांदगावहून मला एक स्थळ आलं होतं. किराणा मालाचं दुकान, पहिली बायको गेलेली, पदरी एक मूल. नानांनी नाही म्हटलं नाही. लिमये मास्तर स्वतः दुकानात येऊन त्यांच्या उजव्या कानाशी बराच वेळ ओरडले, तेव्हा नाना एवढं म्हणाले की शाळेची चाचणी होऊ द्या. त्या चाचणीत जी पास होईल तिचाच मॅट्रिकचा फॉर्म शाळा पुढं पाठवणार होती. फॉर्म गेला तर नांदगाववाल्यांना थांबायला सांगू, नाही गेला तर वैशाखात लग्न. हे सगळ्या आळीनं ऐकलं, कारण नानांशी गुप्त बोलणं शक्यच नव्हतं. मी दिवसरात्र बाण काढत बसले. झोपेतही काढत असेन.

इंग्रजीचा पेपर होता त्या दिवशी सकाळी, ठोके नुकते सुरू झाले होते तेवढ्यात कासमचाचा दारात आले. ते भांड्यांना कल्हई लावायचे. नानांची भांडी पिढीजात त्यांच्याकडे जात. त्यांचा पुतण्या मनमाडला शेडमध्येच होता आणि चाचा आदल्या दिवशी त्याच्याकडे जाऊन आले होते. नानांच्या समोर उकिडवे बसून ते म्हणाले, “नाना, बंडू बीमार है. बुखार उतरत नाय. पुतण्यानी दवाखान्यात ठेवलाय.”

बंडू म्हणजे माझा भाऊच. आळीत त्याला दुसऱ्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. नानांना ऐकू गेलं. ते चाचांच्या ओठांकडे बघत होते. त्यांनी घागर मांडीवर थोडी फिरवली आणि जिथं थांबले होते तिथून पुढचा ठोका घातला. चाचा वाट बघत बसले. नाना मठारत राहिले. शेवटी चाचा उठून आत पडवीच्या दाराशी आले आणि मला म्हणाले की दहाच्या गाडीनं मी परत चाललोय, बहू को भेजना है तो भेजो.

 वहिनीनं चुलीवर तांदूळ ठेवले, अगदी मऊ भात केला, साळीच्या लाह्या पुरचुंडीत बांधल्या, डब्यातल्या गुळपापडीच्या चार वड्या घेतल्या. मी पुस्तक समोर धरून बसले होते, पण वाचत नव्हते. नाना नको म्हणणार नाहीत एवढं आम्हांला कळलं होतं. ते ह्या बाबतीत काहीच म्हणणार नव्हते. पुरचुंडी बांधून झाल्यावर ती माझ्यासमोर येऊन बसली.

“वन्सं, तुम्ही चला. तिथं नाव विचारतील. तुम्ही फक्त नाव सांगा.”

मी म्हटलं, माझा अकराला पेपर आहे. ती म्हणाली, हो. मी म्हटलं, कासमचाचा सांगतील की. ती म्हणाली, हो, तेही खरंच. आणि उठली. तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. विचारलं असतं तर मी गेले असते असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. आता ह्या वयात तेवढीही गरज उरलेली नाही, तेव्हा लिहून टाकते. नसते गेले. मला नांदगावला जायचं नव्हतं. ताप काय, येतो आणि उतरतो, असं मला वाटलं. चाचा आणि ती टांग्यात बसून स्टेशनला गेले आणि मी वेणी घातली.

पेपर सोपा होता. इतका सोपा की लिमये मास्तर बाकांमधून फिरताना माझ्या वहीत डोकावून हसले. पहिली सात वाक्यं मी भराभर सोडवली. दोन बिनचुकीची होती तीही ओळखली. आठवं वाक्य असं काहीतरी होतं, की गोविंद आणि हरी स्टेशनवर गेले पण त्याला गाडी मिळाली नाही. संदिग्ध सर्वनाम काढून त्या जागी नाव लिहा. मी टाक दौतीत बुडवला आणि ‘गोविंद’ लिहिलं. शाई ओली होती. ती सुकायची वाट बघताना माझ्या मनात आलं, चिठ्ठी.

मी वहिनीला चिठ्ठी दिली नव्हती. वहीचा एक कोपरा फाडून त्यावर दोन शब्द लिहायचे होते. तिला नाव घ्यावं लागलं नसतं, चाचांना ठाऊक असायची गरज नव्हती. आणि चाचांना तर ठाऊक नव्हतंच. त्यांना बंडू ठाऊक होता, नाना मिस्तरी ठाऊक होते. बंडू हे नाव आळीच्या तोंडापर्यंतच होतं, मनमाडच्या दवाखान्यात ते कुणी लिहून घेतलं असणार नाही, हे मला तिथं त्या बाकावर कळलं. घरात माझ्याभोवती टाक, दौत, कागद, पेन्सिली पडलेल्या होत्या. सहा महिने मी कागदाशिवाय दुसरं काही हातात धरलं नव्हतं. मला सुचलं नाही.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा झाले होते. गाडी कधीच गेली होती. दुपारी आणखी एक गाडी होती, हे मला माहीत होतं. उठून मास्तरांना सांगितलं असतं तर त्यांनी सोडलं असतं. मी नववं वाक्य वाचलं. मग दहावं. मग निबंध लिहिला, आणि वेळ उरला म्हणून सगळा पेपर पहिल्यापासून तपासला.  छातीत जे काही असतं ते कुणी उचलून बाजूला ठेवल्यासारखं झालं होतं, आणि अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं होतं. त्या पेपरात मला वर्गात सगळ्यांत जास्त गुण पडले. आठव्या वाक्याशेजारी मास्तरांनी ‘छान’ असं लिहिलं होतं.

घरी येऊनही मी कुणाला काही बोलले नाही. बोलायला होतं कोण? नानांना जेवायला वाढलं. ते सकाळचीच घागर मठारत होते. तिचा एक पट्टा त्यांनी दोनदा मठारला होता, तिथं तांबं फार पातळ झालं होतं. असं त्यांच्या हातून कधी होत नसे. मी ते पाहिलं आणि त्यांनी मी पाहिल्याचं पाहिलं.

दिवे लागल्यावर वहिनी आली. पुरचुंडी तशीच होती. तिनं ती चुलीशी ठेवली, हातपाय धुतले आणि भाकरीचं पीठ घेतलं. थापता थापता तिनं जे झालं ते सांगितलं, जसं बाजारात काय मिळालं नाही ते सांगावं तसं. स्टेशनाजवळ एक लहानसा धर्मादाय दवाखाना होता. दाराशी एक कारकून वही घेऊन बसला होता. चिठ्ठीशिवाय बाईमाणसाला पुरुषांच्या खोलीत सोडत नव्हते, आणि चिठ्ठी मिळायला पेशंटचं नाव हवं होतं. चाचांनी सांगितलं, नाना मिस्तरी का लडका, बंडू. कारकुनानं वही चाळली आणि असा कुणी नाही म्हणाला. चाचा पुतण्याला शोधायला शेडमध्ये गेले, तर तो इंजिनाबरोबर भुसावळला गेलेला. तो संध्याकाळपर्यंत येईल म्हणून चाचा तिथंच बसून राहिले. ती व्हरांड्यात बसली. कारकून वाईट नव्हता. त्यानं तीनदा विचारलं, बाई, नवऱ्याचं नाव तरी सांगा. बापाचं सांगा, त्यावरून काढतो. तिथं आलेल्या नाशिकच्या एका बाईनं, जिच्या सोबतीनं ती पुढं घरी परतली, तिला सुचवलं की उखाण्यात घे.

“उखाण्यात घेतात ते सुखाच्या वेळी,” वहिनी म्हणाली. “आजारी माणसाचं कसं घ्यायचं? बरे होत असतील नि माझ्यानं काही झालं तर?”

तिनं खुंटीकडे पाहिलं. मग पुढची भाकरी थापायला घेतली. आतून खोकल्याचा आवाज येत होता, असं ती म्हणाली. पण सगळेच खोकत होते, त्यात ह्यांचा कुठला ते तिला ओळखू येईना.

मी म्हटलं, उद्या पहिल्या गाडीनं जाऊ, मी येते. ती म्हणाली, तुमचे पेपर? मी म्हटलं, संपले. संपले नव्हते, दुसऱ्या दिवशी गणित होतं, पण सकाळी वेळेत परतायचं मी मनाशी ठरवलं होतं. हेसुद्धा लिहून टाकते. चिठ्ठीचं मात्र मी तिला सांगितलं नाही. त्या दिवशी नाही आणि पुढंही कधी नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच निघालो. टांग्यात नि गाडीत ती पुरचुंडी मांडीवर घेऊन बसली होती. भात टाकून नवा केला होता, वड्या त्याच होत्या. निफाडच्या पुढं ऊन वर आलं. चाचा मनमाड स्टेशनवरच उभे होते, रात्री तिथंच पुतण्याकडे राहिले होते. पुतण्या अजूनही आला नव्हता. दवाखान्याच्या दाराशी तोच कारकून, तीच वही. मी समोर उभी राहिले आणि म्हटलं, विश्वनाथ केशव. नाव घ्यायला एक क्षणही लागला नाही. कारकुनानं बोट खाली सरकवलं. आडनावं तिथं लिहीतच नसत. माणसाचं नाव आणि बापाचं नाव, बस्स. बोट थांबलं. त्यानं वर पाहिलं, माझ्याकडे, मग माझ्या मागं उभ्या असलेल्या तिच्याकडे, आणि ती कालचीच बाई हे त्याला ओळखू आलं.

तो म्हणाला, “हे काल इथंच होते. ह्या भिंतीपलीकडं. पहाटे गेले.”

भिंत मातीची होती, चुना लावलेली. वहिनी आदल्या दिवशी जिथं बसली होती ती जागा तिनं मला नंतर दाखवली. तिथून भावाची खाट चार पावलांवर होती. मी आत जाऊन पाहिलं. त्याचे हात तांबटाचे राहिले नव्हते, नखांत काळं तेल होतं. मला काही वाटलं नाही. मी हे कुणाला समजावून सांगू शकत नाही, पण मला खरंच काही वाटलं नाही. त्याच्या उशाजवळच्या पाण्याच्या भांड्याला कल्हई नाही, एवढंच दिसलं. वहिनी उभीच होती. तिनं पुरचुंडी सोडली, एक वडी त्याच्या हाताशी ठेवली आणि बाकीची बांधून टाकली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. कारकुनानं विचारलं की पुढचं कोण करणार. चाचा म्हणाले, मैं बैठता हूँ इधर, तुम दोनों जाव, बाप को लेके आव. एकटीनं प्रवास करायची कुणाची छाती नव्हती, म्हणून आम्ही दोघीही परत निघालो. येताना गाडीत ती एकच वाक्य बोलली. “घेतलं नाही तरी गेलेच,” असं ती खिडकीबाहेर बघत म्हणाली.

गणिताचा पेपर तेव्हा शाळेत चालू असणार. तो मी नंतर एकटीनं दिला. लिमये मास्तरांनी खटपट करून तशी सोय केली. फॉर्म गेला, नांदगावचं स्थळ दुसरीकडं जमलं, मी पास झाले. माझं सगळं आयुष्य त्या चाचणीवर उभं आहे, ते मी नाकारत नाही. मुलं बाण काढत असली की मी बाकांमधून फिरायची, आणि एखादा बाण कुठंच न पोचता समासात जाऊन संपलेला दिसला की तिथं चूक अशी खूण करायला माझा हात रेंगाळायचा. मग करायची. चूक ती चूकच.

त्या दिवशी मनमाडहून परतल्यावर टांगा आळीच्या तोंडाशी सोडला. दुपारचे दोन वाजले असतील, सगळ्या दुकानांत काम जोरात होतं. आम्ही दोघी मधून चालत आलो तेव्हा कुणी वर पाहिलं नाही. नाना उंबऱ्याशी बसून नवी घागर मठारत होते. सांगायचं काम माझं होतं, नेहमीसारखं. मी त्यांच्या उजव्या बाजूला वाकले, तोंड उघडलं आणि आवाजच निघेना. वहिनी माझ्या मागं थांबली होती. ती पुढं आली आणि नानांच्या समोर उभी राहिली. पाच वर्षांत ती अशी त्यांच्यासमोर कधी उभी राहिली नव्हती.

“विश्वनाथ गेले,” ती म्हणाली.

ठोक्यांत ते बुडालं. नानांनी तिचे पाय पाहिले असतील, पण हातोडी चालूच ठेवली. ती आणखी मोठ्यानं म्हणाली, आमची आळी बोलते त्या आवाजात, “विश्वनाथ गेले.” शेजारच्या दुकानातला हात थांबला. समोरचा थांबला. नानांनी मान वर केली आणि तिच्या ओठांकडे बघायला लागले. तिनं पदर सावरला नाही. तिसऱ्यांदा ती ओरडली तेव्हा आळीतले ठोके एकेक करून पार कोपऱ्यापर्यंत बंद होत गेले, आणि ते नाव सगळ्या दुकानांतून ऐकू गेलं. नानांनी हातोडी खाली ठेवली. ऐकू आलं, अशी खूण करत त्यांनी हात वर केला. तरी तिनं ते आणखी एकदा घेतलं.